शुद्ध हरपते म्हणजे नेमके काय हरपते?

१९४७ साली ‘अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात एका विलक्षण प्रयोगाचा वृत्तान्त छापून आला. युटा विद्यापीठातले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी भुलेचे कोणतेही औषध न घेता, पूर्ण जागेपणी स्वतःला क्युरारे टोचून घेतले होते. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावत ते विष. मेंदूकडून निघालेला हुकूम ते स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. डोळ्यांच्या पापण्या जड होतात, हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वास थांबतो. श्वास बंद पडायला जेवढी मात्रा पुरते तिच्या अडीचपट मात्रा स्मिथ यांनी घेतली होती. सहकारी त्यांच्या फुप्फुसांत हवा भरत राहिले, म्हणून ते जगले.

एवढा जीव धोक्यात घालण्यामागे कारण होते. १९४२ साली माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी क्युरारे वापरून दाखवले आणि शल्यविशारदांची मोठी सोय झाली. पोटाचे ताठ स्नायू सैल पडू लागले. पण त्याबरोबर काही डॉक्टरांचा असाही समज झाला, की या औषधाने दुखणेही कळेनासे होते. रुग्ण हलत नाही, कण्हत नाही, तोंड वेडेवाकडे करत नाही, म्हणजे त्याला काही जाणवत नसणार. स्मिथ यांना याचीच शहानिशा करायची होती. अंमल उतरल्यावर त्यांनी त्या खोलीत काय काय घडले, कोण काय बोलले, ते सगळे सांगितले. टोचलेले दुखत होते. घशात साचलेल्या लाळेने जीव गुदमरत होता. बाहेरून मात्र ते निपचित देह होते.

जाणिवेचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात फार अमूर्त वाटतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तो एकदम अंगावर येतो. समोरच्या शरीरात कुणी ‘आहे’ का, त्याला काही होते आहे का, हे कशावरून ठरवायचे? आणि मेंदू हा पेशी, क्षार आणि विजेच्या सूक्ष्म प्रवाहांनी चालणारा अवयव असेल, तर त्या सगळ्या हालचालीतून दुखणे ‘जाणवते’ कसे? हे दोन प्रश्न शेजारी शेजारी राहतात, म्हणून ते एकच आहेत असे वाटते. तसे ते नाहीत. गेल्या पावणेदोनशे वर्षांत पहिल्याचे उत्तर पुष्कळ पुढे सरकले आहे. दुसऱ्याचे उत्तर अजून हाती आलेले नाही.

पावणेदोनशे वर्षे म्हणायचे ते १६ ऑक्टोबर १८४६ पासून. त्या दिवशी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून रुग्णाला भूल दिली आणि मानेवरची गाठ जाहीरपणे काढून दाखवण्यात आली. काही महिन्यांत ही पद्धत जगभर गेली. ईथरने शुद्ध का हरपते, याचा कुणालाच पत्ता नव्हता. पुढे १८९९ साली जर्मनीत हान्स मायर आणि १९०१ साली झुरिकमध्ये चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन यांना एक अजब नियम सापडला. भुलेचे द्रव्य ऑलिव्हच्या तेलात जितके जास्त विरघळते, तितके ते अधिक प्रभावी असते. ईथर, क्लोरोफॉर्म, एकमेकांशी काही नाते नसलेली कितीतरी द्रव्ये या एका नियमात बसली. झेनॉन हा वायू तर सहसा कुणाशी रासायनिक संयोगही करत नाही, तरी त्याने माणूस बेशुद्ध होतो.

नियम होता, स्पष्टीकरण नव्हते. पेशींच्या भोवतीच्या स्निग्ध आवरणात हे द्रव्य मुरत असावे, असा तर्क कित्येक दशके चालला. १९८४ साली लंडनमध्ये निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी दाखवले, की ही द्रव्ये काजव्याला प्रकाश देणाऱ्या प्रथिनावर, जवळपास कुठलेही स्निग्ध आवरण नसतानाही, त्याच प्रमाणात परिणाम करतात. तिथून संशोधनाची नजर प्रथिनांकडे वळली. आज आपल्याला माहीत आहे, की प्रोपोफॉल हे नेहमी वापरले जाणारे औषध चेतापेशींना गप्प करणारी ग्राही प्रथिने बळकट करते, मेंदूच्या पुढच्या भागात ठरावीक लयीच्या लहरी उमटवते आणि मेंदूच्या दूरदूरच्या भागांमधले दळणवळण मोडून टाकते. केटामाइनची तऱ्हा वेगळी. त्याने माणूस हाकेला ओ देत नाही, पण उठल्यावर पुष्कळदा विलक्षण स्वप्नांची वर्णने करतो. दोघेही टेबलावर सारखेच निश्चल दिसतात, तरी एकाच्या लेखी रात्र गेलेली असते आणि दुसऱ्याच्या लेखी भरगच्च चित्रपट.

मग ओळखायचे कसे? १९७७ साली मायकेल टनस्टॉल या भूलतज्ज्ञाने एक साधी युक्ती काढली. स्नायू लुळे पाडणारे औषध देण्याआधी रुग्णाच्या एका दंडाला पट्टा आवळायचा. औषध त्या हातात उतरत नाही, तो हात हलू शकतो. मग भूल चढल्यावर रुग्णाच्या कानाशी म्हणायचे, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. या पद्धतीने अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून २६० रुग्णांची पाहणी केली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. घशात नळी घातल्यानंतर ४.६ टक्के रुग्णांनी सांगितल्याप्रमाणे हात दाबला. असा प्रतिसाद देणाऱ्यांना जागे झाल्यावर सहसा यातले काही आठवत नाही. आठवत नाही म्हणजे घडलेच नाही, असे म्हणायचे का? तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९७८ सालच्या एका निबंधात हाच पेच टोकाला नेला होता. रुग्णाला क्युरारे द्या, म्हणजे तो हलणार नाही, आणि वर स्मृती पुसणारे औषध द्या, म्हणजे तो नंतर तक्रार करणार नाही. ही भूल झाली का? बहुतेक माणसे ‘नाही’ म्हणतात, आणि ते उत्तर बरोबर आहे. त्या क्षणी जे सोसले ते सोसलेच.

यंत्रांवर विसंबावे, तर तिथेही सावध राहावे लागते. कपाळाला पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून ० ते १०० असा भुलेचा आकडा दाखवणारे यंत्र मोठ्या रुग्णालयांत वापरले जाते. ४० ते ६० म्हणजे शस्त्रक्रियेला योग्य भूल. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात दहा स्वयंसेवकांना भूल न देता फक्त स्नायू लुळे पाडणारे औषध दिले गेले. ते पूर्ण जागे होते आणि यंत्राचा आकडा बेशुद्ध रुग्णाला शोभेल इतका खाली आला. जागेपणाचा माग काढताना हे यंत्र काही अंशी कपाळाच्या स्नायूंची हालचालही मोजत होते.

याहून खोल जाणारी मोजणी मिलानमधल्या मार्चेल्लो मासिमिनी यांच्या गटाने २०१३ साली मांडली. डोक्याजवळ चुंबकीय तरंगाचा एक ठोका द्यायचा आणि मेंदूत उठणारा पडसाद ईईजीने टिपायचा. गाढ झोपेत किंवा प्रोपोफॉलखाली हा पडसाद जागच्या जागी विरतो, किंवा सगळीकडे एकाच साच्यात पसरतो. जागेपणी तो एका भागातून दुसऱ्यात जातो, दर ठिकाणी निराळे रूप घेतो. संगणकात फाइल जशी दाबून लहान करतात तसा हा पडसाद दाबून पाहायचा. जितका तो गुंतागुंतीचा, तितका कमी दबतो. त्यावरून ० ते १ असा निर्देशांक काढतात. पहिल्या अभ्यासात जाग्या माणसांचे आकडे ०.४४ ते ०.६७ होते, भुलेखालच्यांचे ०.१२ ते ०.३१. मधे एकही आकडा पडला नाही. दोन वर्षांनी याच पद्धतीने प्रोपोफॉल, झेनॉन आणि केटामाइन तपासले गेले. पहिल्या दोघांखाली आकडा कोसळला. केटामाइनखाली, निपचित पडलेल्या पण आत स्वप्ने पाहणाऱ्या माणसांत, तो जागेपणासारखाच राहिला.

हे यश मोठे आहे. ते ‘नुसता सहसंबंध’ म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी स्मिथ यांच्या घशातली लाळ आठवावी. आत कुणी आहे की नाही, हे देहाच्या हालचालीवर न विसंबता सांगण्याची सोय माणसाच्या हाती पहिल्यांदाच येते आहे.

पण गुंतागुंतीचा पडसाद म्हणजेच अनुभव का? ०.६७ हा आकडा असलेल्या मेंदूला काही ‘वाटते’ आणि ०.१२ असलेल्याला वाटत नाही, असे का व्हावे? आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८६८ साली नॉर्विचच्या सभेत हा मुद्दा स्वच्छ मांडला होता. मेंदूतला प्रत्येक रेणू आणि प्रत्येक विद्युत्स्राव आपल्याला दिसू लागला, अमुक भावनेच्या वेळी अमुक हालचाल होते हे तंतोतंत कळले, तरी एकीवरून दुसरी कशी निघते हे बुद्धीला उमजणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. टिंडल कट्टर विज्ञाननिष्ठ होते, धर्ममार्तंडांशी त्यांनी आयुष्यभर वाद घातले. म्हणून त्यांच्या या कबुलीला वजन आहे. चार वर्षांनी बर्लिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी लाइपझिगला आणखी कडक शब्दांत सांगितले, की हे आपल्याला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही.

भारतीय वाचकाला हा वाद आणखी जुन्या घरातला वाटेल. पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांच्या मेळातून चैतन्य उपजते, जशी आंबवण्यातून मादकता येते, ती सुट्या घटकांत नसते, हे लोकायतांचे म्हणणे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी त्याचा समाचार घेतला आहे. देह असला की जाणीव असते आणि देह गेला की जाते, म्हणून ती देहाचा धर्म, असे लोकायत म्हणतात. त्यावर शंकराचार्य विचारतात, की दिवा असला तर दिसते आणि नसला तर दिसत नाही, एवढ्यावरून पाहणे हा दिव्याचा धर्म होतो का? या प्रश्नाने स्वतंत्र आत्मा सिद्ध होत नाही. पण एखादी गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे हे दाखवणे आणि ती तिच्यातून कशी येते हे दाखवणे, यांतले अंतर तो नेमके दाखवतो. लोकायतांच्या उदाहरणातही एक फट आहे. आंबवण्यातून मद्य कसे होते हे आज रसायनशास्त्र पायरी पायरीने सांगते. मादकता मात्र मद्यात दिसत नाही, ती पिणाऱ्याला जाणवते. म्हणजे जी गोष्ट समजावून द्यायची, तीच उदाहरणात आधी गृहीत धरली गेली आहे.

या जुन्या प्रश्नाला आधुनिक नाव मिळाले तेही एका भूलतज्ज्ञाने भरवलेल्या परिषदेत. १९९४ साली अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन इथे स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी जाणिवेवर परिषद घेतली. तिथे डेव्हिड चामर्स या तरुण तत्त्वज्ञाने सांगितले, की लक्ष कसे लागते, स्मृती कशी साठते, झोप आणि जाग यांत काय फरक, हे प्रश्न अवघड असले तरी त्यांचा मार्ग कळतो. हे सारे काम चालू असताना ते अनुभवले का जाते, हा खरा कठीण प्रश्न.

हॅमरॉफ यांचे स्वतःचे उत्तर रॉजर पेनरोज यांच्या साथीने तयार झाले आहे. पेशींच्या आत सूक्ष्मनलिका नावाचे प्रथिनांचे पोकळ सांगाडे असतात. त्यांतल्या क्वांटम घडामोडींतून जाणीव उमटते आणि भूल तिथेच काम करते, असे ते मानतात. ऊबदार, ओलसर मेंदूत अशा नाजूक अवस्था टिकणार नाहीत, असा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली मांडला. दुसरीकडे, २०२४ साली अमेरिकेतल्या वेल्स्ली कॉलेजमध्ये सूक्ष्मनलिका स्थिर करणारे औषध दिलेल्या उंदरांना भूल चढायला सरासरी ६९ सेकंद जास्त लागले. निरीक्षण रोचक आहे. पण उद्या सूक्ष्मनलिकांचा दावा पूर्ण खरा निघाला, तरी टिंडल यांचा प्रश्न जागचा हलत नाही. चेतापेशींच्या विद्युत्स्रावातून दुखणे कसे निघते हे कळत नसेल, तर क्वांटम अवस्थेतून ते कसे निघते हे अधिक का कळावे?

बाकीचे दोन प्रमुख सिद्धान्त अधिक चाचणीजोगे आहेत. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ साली मांडलेला आणि फ्रान्सच्या स्तानिस्लास देहान यांनी पुढे नेलेला सिद्धान्त म्हणतो, की एखादी माहिती साऱ्या मेंदूभर प्रसारित झाली की ती जाणिवेत येते. जुलिओ टोनोनी यांचा २००४ सालचा सिद्धान्त म्हणतो, की एखाद्या व्यवस्थेचे भाग एकमेकांत किती अतूटपणे गुंतले आहेत, यावर तिची जाणीव ठरते. दोन्ही गटांनी आधी भाकिते लिहून दिली, मग २५६ जणांवर तिसऱ्याच मंडळींनी प्रयोग केले. निकाल २०२५ साली ‘नेचर’मध्ये आले. टोनोनी यांच्या बाजूला मेंदूच्या मागच्या भागात जो टिकाऊ समन्वय अपेक्षित होता तो सापडला नाही. देहान यांच्या बाजूला चित्र नाहीसे होताना पुढच्या भागात जी उसळी अपेक्षित होती ती जवळजवळ दिसली नाही. चुरस मोठी, फळ अर्धवट. त्याआधी २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्तोफ कोख यांनी चामर्स यांच्याशी २५ वर्षांपूर्वी लावलेली पैज हरल्याचे मान्य केले होते. तेवढ्या काळात जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल, ही ती पैज. लक्षात घ्यायचे ते हे, की पैज खूण शोधण्याची होती. ‘का’चे उत्तर तिच्यात मागितलेलेच नव्हते.

भौतिकवाद्यांची एक बाजू मनापासून ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सिस क्रिक तरुण असताना सजीवांत काही गूढ प्राणशक्ती असते असे मानणारे विद्वान होते. १९५३ साली डीएनएची रचना उलगडली आणि ते गूढ पुढे विरून गेले. जाणिवेचेही तसेच होईल, या विश्वासाने क्रिक यांनी उत्तरायुष्य या विषयाला दिले. ही आशा भाबडी नाही. तरी दोन गोष्टींत फरक आहे. जीव म्हणजे काय या प्रश्नात वाढणे, दुरुस्त होणे, आपल्यासारखे दुसरे घडवणे अशी कामे समजावून द्यायची होती, आणि ती समजावल्यावर मागे काही उरले नाही. मेंदूची सगळी कामे समजावून झाल्यावर दुखण्याचे दुखणेपण उरते. ते उरते असे वाटणे हाच मेंदूने केलेला भास आहे, असे काही तत्त्वज्ञ म्हणतात. पण भास तरी कुणाला तरी होतो, आणि तो होताना काही तरी वाटत असते. स्पष्टीकरणाच्या नावाखाली मूळ गोष्टच नाकारायची, हा रस्ता पटत नाही. द्यू ब्वा-रेमाँ यांची ‘कधीच नाही’ ही घोषणाही तितकीच घाईची आहे. तिला पुरावा नाही. आजच्या भौतिक सिद्धान्तांनी अनुभवाची जागा, वेळ आणि मापे सांगितली आहेत. तो का आहे, हे त्यांतल्या एकानेही सिद्ध केलेले नाही, एवढेच आज खात्रीने म्हणता येते.

हा फरक पुसला गेला तर काय होते, हे नवजात बाळांच्या इतिहासात दिसते. १९८०च्या दशकापर्यंत अनेक नामांकित रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर मोठ्या शस्त्रक्रिया अत्यल्प भुलेखाली होत. या बाळांचा मेंदू पुरेसा पिकलेला नाही, त्यांना दुखणे खऱ्या अर्थाने जाणवत नाही, आणि तीव्र औषधे त्यांना झेपणार नाहीत, अशी कारणे दिली जात. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांनी हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांची तुलना केली. काहींना नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे एवढेच, काहींना त्याच्या जोडीला फेन्टानिल हे वेदनाशामक. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. फेन्टानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकांचा उसळता लोंढा होता आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांच्यात अधिक होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजातांनाही भूल आणि वेदनाशामके द्यावीत, असे जाहीर केले. आनंद यांनी जाणिवेचे कोडे सोडवले नव्हते. बाळाला ‘काय वाटते’ हे त्यांच्या तक्त्यांत कुठेच नव्हते. पण मेंदूविषयीच्या एका अपुऱ्या सिद्धान्तावर भिस्त ठेवून त्याला काहीच वाटत नाही असे मानणे चूक आहे, एवढे त्यांच्या आकड्यांनी दाखवून दिले.

तीच चूक आज दुसऱ्या खाटांभोवती होऊ शकते. मेंदूला जबर इजा होऊन महिनोन्‌महिने निपचित पडलेल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. सांगितलेले काही करा म्हटल्यावर ज्यांच्याकडून कुठलीही हालचाल होत नव्हती असे २४१ रुग्ण त्यात होते. टेनिस खेळता आहात अशी कल्पना करा, मूठ उघडा आणि मिटा, अशा सूचना त्यांना देऊन एफएमआरआय किंवा ईईजीने मेंदू तपासला. ६० जणांचा मेंदू सूचनेप्रमाणे वागला, म्हणजे दर चारांतला एक. ही चाचणी महागडी आहे, तिला निष्णात माणसे लागतात, आणि भारतातल्या बहुतेक अतिदक्षता विभागांत ती नेहमीच्या तपासणीत येत नाही. तिथे अजून डॉक्टर रुग्णाचा हात हातात घेऊन तो दाबायला सांगतात, आणि हात हलला नाही की नोंद होते: प्रतिसाद नाही.